ओनिक्स फीडमधल्या जुन्या तारखा : बाद ठरलेला डेटफॉर्मॅट टॅग कसा वाचायचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दुकानांना आणि कॉलेजांच्या ग्रंथालयांना मराठी प्रकाशकांची यादी बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेलमध्ये येते. मेडिकल, इंजिनिअरिंग आणि परदेशी संदर्भग्रंथांची माहिती मात्र ओनिक्स नावाच्या (पुस्तकांची माहिती देण्याघेण्याच्या ठरलेल्या साच्यातल्या) एक्सएमएल फाइलमधून येते. नुकतंच बीसीए-एमसीए करून जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एखाद्या छोट्या ऑफिसात लागलेल्या मुलामुलींच्या हातात पहिलं काम म्हणून ही फाइल पडते. शीर्षक, लेखक, आयएसबीएन, किंमत दोन दिवसांत निघतं. मग गाडी तारखेपाशी अडते. किंवा त्याहून वाईट, अडत नाही आणि चुकीची तारीख गुपचूप डेटाबेसात जाऊन बसते.

हा लेख त्या तारखेपुरता आहे. पायथनमध्ये काम करताय असं धरलंय, पण जावा किंवा पीएचपी वापरणाऱ्यांनाही पायऱ्या त्याच. टॅगांची नावं आणि आकडे इथे देवनागरीत लिहिलेत. फाइलमध्ये ते इंग्रजीत दिसतील, तेवढं मनात ठेवा.

पायरी १ : फाइल कोणत्या आवृत्तीची, ते आधी बघा

ओनिक्सचं मानक लंडनची एडिट्यूर ही संस्था सांभाळते. तुमच्यासमोर तीनपैकी एक आवृत्ती येईल. २.१ ही जुनी. तिचा आधार २०१४ च्या अखेरीस थांबला, तरी फाइली अजून येतात. ३.० आली २००९ मध्ये आणि ३.१ आली २०२३ मध्ये. सगळ्यात वरच्या ओनिक्समेसेज टॅगवर ‘रिलीज’ नावाचा अ‍ॅट्रिब्यूट (टॅगच्या कंसातच लिहिलेली जोडमाहिती) असतो, त्यात आकडा मिळतो. तो नसेल तर रचना बघा : प्रॉडक्टच्या आत थेट पब्लिकेशनडेट दिसला तर २.१, आणि डिस्क्रिप्टिव्हडिटेल असा मोठा गट दिसला तर ३ च्या घरातली.

हे आधी बघायचं कारण तारखेची मांडणी तिन्हीकडे वेगळी आहे. २.१ मध्ये पब्लिकेशनडेटमध्ये चार, सहा किंवा आठ अंक असतात, बाकी काही नाही. अंक मोजले की काम झालं. ३.० मध्ये तारीख पब्लिशिंगडेट नावाच्या एका गटात जाते. त्यात ही तारीख कशाची हे सांगणारा ‘रोल’, तारखेचा नमुना दोन अंकी कोडनं सांगणारा डेटफॉर्मॅट टॅग आणि शेवटी खुद्द डेट टॅग. पुढे ३.० च्याच काळात डेटफॉर्मॅट हा वेगळा टॅग बाद ठरवला गेला आणि तोच कोड डेट टॅगवर ‘डेटफॉर्मॅट’ नावाचा अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहा, असं सांगण्यात आलं. बाद ठरला म्हणजे ३.० च्या फाइलीत चालतो, पण नव्यानं लिहू नये. ३.१ मध्ये तो काढूनच टाकला.

थोडक्यात, ३.० ची फाइल वाचताना दोन्ही पद्धती यायची तयारी ठेवावीच लागते. काही प्रकाशकांचं सॉफ्टवेअर बारा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेलं असतं आणि ते निवांतपणे जुना टॅग पाठवत राहतं.

पायरी २ : तारीख कुठे कुठे लपलेली असते

फक्त पब्लिशिंगडेट हाताळून थांबू नका. मार्केटडेट, सप्लायडेट, प्राइसडेट, कॉन्ट्रिब्यूटरडेट, कंटेंटडेट हे सगळे गट एकाच घडणीचे आहेत. म्हणून तारीख वाचणारं एकच फंक्शन लिहा आणि ते सगळीकडे वापरा. प्राइसडेट विसरलात तर दिवाळीपुरती दिलेली किंमत गुढीपाडव्यापर्यंत चालू राहील आणि मालक तुम्हालाच विचारतील.

दुसरी गंमत म्हणजे शॉर्ट टॅग. ओनिक्सच्या प्रत्येक टॅगला लांब नाव आणि आखूड नाव अशी दोन नावं असतात. डेटफॉर्मॅटचं आखूड नाव जे२६०, डेटचं बी३०६, पब्लिशिंगडेटरोलचं एक्स४४८. लांब नावांवर लिहिलेला पार्सर (फाइल वाचणारा कोड) आखूड नावांच्या फाइलीत काहीच सापडलं नाही म्हणून शांत बसतो, एररही देत नाही. आखूड नावांचं लांब नावांत रूपांतर करणारी एक डिक्शनरी सुरुवातीलाच लावा, पुढचा सगळा कोड लांब नावांवर चालू द्या. नेमस्पेसचं (टॅगच्या नावाआधी जोडलेल्या पत्त्याचं) झंझट असेल तर टॅगच्या शेवटच्या नावावरून ओळखा.

रोलचे कोडही नीट बघून घ्या. ०१ म्हणजे प्रकाशनाची तारीख, ०२ म्हणजे त्याआधी विक्री करायची नाही ती तारीख, ११ म्हणजे पहिल्या प्रकाशनाची तारीख, १३ म्हणजे पुस्तकाची छपाई बंद झाल्याची तारीख. गटातली पहिली दिसेल ती तारीख उचलणारा कोड मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. बहिणाबाईंच्या कवितांची नवी आवृत्ती समजा या वर्षी आली, तर ०१ मध्ये हे वर्ष असेल आणि ११ मध्ये १९५२. रोल न बघता ११ उचललात तर कालच आलेलं पुस्तक साइटवर सत्तर वर्षांपूर्वीचं दिसेल आणि ‘नवीन पुस्तकं’ या पानावर कधी येणारच नाही.

पायरी ३ : नमुन्याचा कोड कुठून घ्यायचा

क्रम असा ठेवा. आधी डेट टॅगवरचा अ‍ॅट्रिब्यूट बघा. तो नसेल तर शेजारचा जुना डेटफॉर्मॅट टॅग बघा. दोन्ही नसतील तर मानकानुसार कोड ००, म्हणजे वर्ष-महिना-दिवस असे आठ अंक.

दोन्ही असतील आणि एकमेकांशी भांडत असतील तर? माझा सल्ला : अ‍ॅट्रिब्यूटला मान द्या, लॉगमध्ये नोंद करा आणि ती नोंद डोळ्यांखालून घाला. बहुधा कुणीतरी नवा अ‍ॅट्रिब्यूट जोडला आणि जुना टॅग काढायचा विसरला असं निघतं. क्वचित उलटंही असतं, म्हणून अ‍ॅट्रिब्यूटप्रमाणे तारीख बसत नसेल आणि जुन्या टॅगप्रमाणे चपखल बसत असेल तर जुना टॅग घ्या आणि त्या नोंदीवर ‘शंका’ असा शिक्का मारा.

दोन्ही नाहीत आणि आकडा आठ अंकांचा नाही, हे तर रोजचं. चार अंक असतील तर वर्ष, सहा असतील तर वर्ष-महिना असं धरायला हरकत नाही, पण तुम्ही ते धरलंय ही गोष्ट डेटाबेसात दिसली पाहिजे. पाच अंकांवर मात्र अंदाज करू नका. कारण पुढच्या पायरीत.

३.१ च्या फाइलीत जुना टॅग आला तर ती फाइल स्कीमाच्या (मानकाच्या रचना-नियमांच्या) तपासणीत नापास होते. तरी वाचा. पुस्तक विकायचंय, फाइलीला मार्क द्यायचे नाहीत. फाइल पाठवणाऱ्याकडे तक्रार स्वतंत्रपणे करता येते.

पायरी ४ : कोडप्रमाणे वाचा, आणि फक्त कोडप्रमाणे

नमुन्यांचे कोड ओनिक्सच्या ५५ क्रमांकाच्या यादीत आहेत. रोज लागणारे हे : ०० आठ अंकी पूर्ण तारीख, ०१ वर्ष-महिना, ०२ वर्ष आणि आठवडा, ०३ वर्ष आणि तिमाही, ०४ वर्ष आणि ऋतू, ०५ नुसतं वर्ष, १२ मोकळा मजकूर. ०६ ते ११ हे ‘इथपासून तिथपर्यंत’चे, म्हणजे दोन तारखा एकमेकींना चिकटवलेल्या. १३ आणि १४ मध्ये वेळही असते.

आता पायथनमधला सापळा. स्ट्रपटाइम या मजकुराची तारीख करणाऱ्या फंक्शनला टक्का-मोठा-वाय, टक्का-एम, टक्का-डी (वर्ष, महिना, दिवस) असा नमुना दिला आणि ‘२०२४११’ हा सहा अंकी आकडा दिला, तर तुम्हाला वाटेल एरर येईल. येत नाही. ते आधी महिना ११ घेऊन बघतं, दिवसाला काही उरत नाही म्हणून मागे फिरतं, महिना १ आणि दिवस १ घेतं आणि १ जानेवारी २०२४ असं उत्तर देतं. ‘२०२४१२’ चं होतं २ जानेवारी. जानेवारी ते ऑक्टोबरच्या सहा अंकी तारखांवर मात्र ते रीतसर एरर देतं. त्यामुळे मार्चमध्ये लिहिलेला आणि एप्रिल-मेच्या फाइलींवर तपासलेला कोड दिवाळीनंतर बिघडतो, आणि ‘परवापर्यंत चालत होतं की’ म्हणत दोन माणसं सर्व्हरकडे संशयानं बघतात. उपाय सोपा आहे : स्ट्रपटाइमकडे जाण्याआधी लांबी तपासा. ०० असेल तर नेमके आठ अंक, ०१ असेल तर नेमके सहा. लांबी जुळली नाही तर तो कोड लागू नाही.

पाच अंकांचं बघू. ‘२०२५१’ हा आकडा कोड ०३ खाली आला तर २०२५ ची पहिली तिमाही आणि कोड ०४ खाली आला तर २०२५ चा पहिला ऋतू. आकडा तोच. कोड गेला की अर्थ गेला, म्हणून पाच अंकांवर अंदाज नको असं वर म्हटलं.

तिमाहीतही आपल्याकडे एक घोळ हमखास होतो. ऑफिसातल्या अकाउंटंटला पहिली तिमाही म्हटलं की एप्रिल ते जून डोळ्यांसमोर येतात, कारण आपलं आर्थिक वर्ष तसं आहे. ओनिक्समध्ये पहिली तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च. मालकांना रिपोर्ट देताना ‘पहिली तिमाही’ असं न लिहिता ‘जानेवारी-मार्च’ लिहा, बोलाचाली वाचते.

ऋतूंचं तर विचारूच नका. कोड ०४ मध्ये १ म्हणजे स्प्रिंग. लंडन-न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा स्प्रिंग म्हणजे खान्देशात पारा ४० च्या पुढे गेलेला आणि लोक दुपारी बाहेर न पडणारे दिवस. आपल्या पुस्तकधंद्याचे हंगाम दोन : जूनमधली शाळा-कॉलेजं आणि दिवाळी. तेव्हा ऋतूवरून महिने काढायचे, मग त्यावरून मागणी ठरवायची, हा खटाटोप करू नका. यादीत पुढेमागे लावण्यापुरती ढोबळ मर्यादा ठेवा आणि ग्राहकाला फक्त वर्ष दाखवा.

आठवड्याचा कोड ०२ कमी येतो, पण येतो. मध्ये डब्ल्यू असतो म्हणून ओळखायला सोपा. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाच्या कडेला गंमत करतो : २०२६ चा पहिला आठवडा २९ डिसेंबर २०२५ ला सुरू होतो. हे हातानं मोजू नका, पायथनच्या डेट क्लासमधलं फ्रॉमआयएसओकॅलेंडर वापरा.

कोड १२ म्हणजे मजकूर. ‘गुढीपाडवा, शके १९४६’, ‘लवकरच’, ‘दिवाळी’. यातून तारीख खणून काढायचा मोह होतो. आवरा. मजकूर जसाच्या तसा ठेवा, तारखेचे कॉलम रिकामे सोडा.

२० पासून पुढचे कोड हिजरी कालगणनेचे आहेत. आखाती देशांतल्या प्रकाशकाची फाइल आली तर दिसतील. कोड न बघता १४४६ हे इसवी सन धरलंत तर पुस्तक थाळनेर-बऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांच्या काळातलं ठरेल. हिजरी तारखा मूळ रूपात ठेवा. रूपांतर करायची खरंच गरज पडली तर तयार लायब्ररी वापरा, वर्षातून ठरावीक आकडा वजा करून भागत नाही.

पायरी ५ : साठवताना तारीख आहे त्याहून अचूक करू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ‘२०२४’ आलं, कॉलम डेट प्रकारचा आहे, म्हणून कुणीतरी ०१-०१-२०२४ भरतं. दोन महिन्यांनी ती तारीख खरी की भरलेली हे सांगणारा कुणी उरत नाही. मग जानेवारीच्या पहिल्या तारखेला तीनशे पुस्तकं प्रकाशित झाल्याचं साइट सांगते.

एका तारखेसाठी पाच कॉलम ठेवा : फाइलीतला मूळ मजकूर, नमुन्याचा कोड, सुरुवातीचा दिवस, शेवटचा दिवस आणि कोड कुठून आला. नोव्हेंबर २०२४ असेल तर सुरुवात १ नोव्हेंबर, शेवट ३० नोव्हेंबर. नुसतं २०२४ असेल तर १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. पूर्ण तारीख असेल तर दोन्ही कॉलमांत तोच दिवस. ‘कोड कुठून आला’ या कॉलमात चारच पर्याय ठेवा : अ‍ॅट्रिब्यूट, जुना टॅग, मानकाचा ठरीव, अंदाज.

क्रम लावायला सुरुवातीचा दिवस वापरा. ‘आलं का बाजारात?’ हे ठरवायला शेवटचा दिवस वापरा, म्हणजे ग्राहकाला खोटं आश्वासन जात नाही. स्क्रीनवर दाखवताना कोड बघून ‘नोव्हेंबर २०२४’ किंवा ‘२०२४’ एवढंच दाखवा.

कॉलमचा प्रकार डेट ठेवा, टाइमस्टॅम्प (तारखेसोबत वेळही ठेवणारा) नको. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. १५ जानेवारीची मध्यरात्र जागतिक वेळेत १४ जानेवारीचे संध्याकाळचे साडेसहा होते, आणि टाइमस्टॅम्पमध्ये ठेवलेली तारीख कुठल्यातरी रिपोर्टमध्ये एक दिवस मागे दिसते. विक्रीबंदीच्या तारखेत असा एक दिवस सरकला तर पुस्तक आदल्या दिवशी काउंटरवर येतं आणि प्रकाशकाचा फोन येतो. वेळ लागतेच ती कोड १३-१४ साठी आणि फाइल पाठवल्याच्या नोंदीसाठी, तिथे वेगळा कॉलम करा.

पायरी ६ : चमत्कारिक आकडे

शून्यं भरलेल्या तारखा येतात. ‘२०२४००००’ म्हणजे पाठवणाऱ्याला फक्त वर्ष माहीत आहे, पण त्याच्या सॉफ्टवेअरला आठ अंक हवे आहेत. हे वर्ष म्हणून घ्या आणि ‘अंदाज’ शिक्का मारा. नुसती आठ शून्यं म्हणजे तारीख नाही.

देवनागरी अंक हा आपल्याकडचा खास प्रकार. एखादा मराठी प्रकाशक स्वतः ओनिक्स बनवतो आणि तारखेत देवनागरी अंक टाकतो. पायथनचं इंट फंक्शन ते बिनतक्रार वाचतं आणि रेग्युलर एक्सप्रेशनमधला बॅकस्लॅश-डीसुद्धा देवनागरी अंकाला अंकच मानतो. म्हणजे तुमची तपासणी पास होते, इंग्रजी अंकच अपेक्षित धरणारी पुढची पायरी अडते आणि चूक भलत्याच ओळीवर दिसते. तारीख हातात आल्याबरोबर सगळे अंक इंग्रजी करून घ्या, मूळ मजकूर मात्र वेगळा जपा. पुढेमागे चिकटलेल्या मोकळ्या जागा आणि मधल्या आडव्या रेघाही तेव्हाच काढा.

एक्सेलमधून ओनिक्स बनवणाऱ्यांकडून ‘४५३०६’ असाही आकडा येतो. तो १५ जानेवारी २०२४ आहे, एक्सेलच्या दिवसमोजणीत. पाच अंक असल्यामुळे तो तिमाहीसारखा दिसतो, वर्ष ४५३०. म्हणून वर्षाला वरची मर्यादा घाला, चालू वर्षापुढे दहा पुरे.

खालच्या मर्यादेचा प्रश्न शक वर्षामुळे येतो. पोथ्या, पंचांग, संतवाङ्मय छापणाऱ्यांच्या यादीत ‘१९४६’ असं वर्ष कोड ०५ खाली येतं. ते शके १९४६ असतं, म्हणजे २०२४ च्या पाडव्यापासूनचं. आकडा इसवी सन म्हणूनही शोभतो, त्यामुळे कुठलीच साधी तपासणी त्याला पकडत नाही. एक युक्ती उपयोगी पडते : आयएसबीएनचं आंतरराष्ट्रीय मानक १९७० चं. रोल ०१ असेल, आयएसबीएन असेल आणि वर्ष १९७० च्या आधीचं असेल तर नोंद माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या. आपोआप ७८ मिळवून मोकळे होऊ नका, कारण काही जुनी पुस्तकं खरोखर तशी नोंदवलेली असतात. आणि ही तपासणी रोल ११ ला लावू नका, नाहीतर १९५२ ची पहिली आवृत्ती दरवेळी अडेल.

पायरी ७ : चाचण्या, पत्र आणि जुना माल

चाचणीची फाइल स्वतः लिहा, पंधरा-वीस तारखांची. त्यात हे हवंच : अ‍ॅट्रिब्यूटसह पूर्ण तारीख, जुन्या टॅगसह पूर्ण तारीख, दोन्ही आणि विसंगत, दोन्ही नाहीत, नोव्हेंबर आणि डिसेंबरचे सहा अंक, २९ फेब्रुवारी २०२४ (चालली पाहिजे), २९ फेब्रुवारी २०२३ (नाकारली पाहिजे), पाच अंक कोडसह आणि कोडशिवाय, शून्यं भरलेली, देवनागरी अंकांची, मजकूर, हिजरी. शिवाय हीच सगळी फाइल आखूड टॅगांत.

पाठवणाऱ्याला लिहिताना ‘तुमच्या तारखा चुकीच्या आहेत’ असं मोघम लिहिलं तर उत्तर येत नाही. असं लिहा : ‘आपल्या १२ तारखेच्या फाइलीत पब्लिशिंगडेटच्या गटात डेटफॉर्मॅट हा वेगळा टॅग येतो. ३.० मध्ये तो बाद ठरला आहे आणि ३.१ मध्ये काढला आहे. तोच कोड डेट टॅगवर अ‍ॅट्रिब्यूट म्हणून पाठवता येईल का? सोबत आपल्याच फाइलीतली एक नोंद, आताची आणि बदललेली, जोडली आहे.’ आताची आणि बदललेली नोंद शेजारी-शेजारी दिसली की पलीकडच्या तंत्रज्ञाचं काम पाच मिनिटांचं होतं. बदल होईपर्यंत, आणि झाल्यावरही काही महिने, जुना टॅग वाचणारा कोड काढू नका. मागे राहिलेल्या जुन्या पुस्तकांच्या नोंदी पुन्हा पाठवल्या जातात तेव्हा त्या जुन्याच रूपात येऊ शकतात.

राहिला आधीच डेटाबेसात शिरलेला माल. मूळ एक्सएमएल फाइली ठेवल्या असतील तर नव्या फंक्शनमधून पुन्हा फिरवा आणि जुनी तारीख व नवी तारीख वेगळी निघते तेवढ्याच नोंदींची यादी काढा. मूळ फाइली नसतील तर १ आणि २ जानेवारी या तारखांच्या नोंदी आधी बाहेर काढा. नोव्हेंबर-डिसेंबरची आणि नुसत्या वर्षाची पुस्तकं बहुतेक तिथेच सापडतील. ती यादी प्रकाशकवार लावून प्रत्येकाकडून ताजी पूर्ण फाइल मागवा. नुसत्या बदलांची फाइल मागवलीत तर त्यात ही पुस्तकं नसतील, कारण त्यांच्या बाजूनं काहीच बदललेलं नाही.